साठवणीच्या धान्यासाठी सुगंधी तेले: पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

श्रावणाच्या तोंडावर मुगाचा डबा उघडावा, मूठभर मूग तळहातावर घ्यावेत आणि खिडकीच्या उजेडात एकेक दाणा फिरवून पाहावा. हिरव्या सालीवर खसखशीहूनही बारीक, पांढरा, घट्ट चिकटलेला ठिपका दिसला, तर ते भुंगेऱ्याचे अंडे आहे. त्या ठिपक्याखालून अळी सरळ दाण्यात शिरते आणि बाहेरून दाण्याला काहीही झालेले दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच दाण्याच्या सालीवर एक गोल, काळसर खिडकी उमटते. आतला भुंगा तयार झाला की ती टोपी ढकलून बाहेर येतो आणि मागे सुबक वाटोळे भोक उरते. डब्यात भुंगे फिरताना दिसले की आपण म्हणतो, कीड लागली. खरे तर ती निदान एक पिढी आधीच लागलेली असते.

सुगंधी तेलांविषयी पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीवर उभे आहे. लवंग, निलगिरी, पुदिना यांच्या तेलाची वाफ डब्यात फिरणाऱ्या भुंग्याला मारू शकते, त्याला दूर ठेवू शकते आणि सालीवरच्या अंड्यांवरही काही प्रमाणात परिणाम करते. परंतु दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ती फारच थोडी पोहोचते. त्यामुळे किडलेल्या डब्यात चार थेंब टाकले आणि डबा सुधारला, असे होत नाही. रिकामा डबा आणि फडताळ किडीपासून मोकळे करणे, स्वच्छ व कोरड्या धान्याकडे बाहेरून येणाऱ्या किडीला वळू न देणे, आणि थोडे बियाणे राखणे, ही या तेलांची खरी कामे आहेत. गेली काही वर्षे मी घरचे वर्षाचे धान्य आणि शेजारच्या दोन घरांचे बियाण्याचे कडधान्य याच मर्यादेत राहून राखते आहे, आणि त्या अनुभवातून हा क्रम मांडते आहे.

कीड कोणती, हे आधी पाहावे

घरात आपण सगळ्यांनाच पोरकिडे, टोके किंवा सोंडे म्हणून मोकळे होतो, पण उपाय ठरवण्यासाठी निदान चार किडी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. मूग, चवळी, मटकी, हरभरा, तूर यांत वर सांगितलेला भुंगेरा असतो. तो थोडा फुगीर, तपकिरी असतो आणि प्रौढ झाल्यावर धान्य खात नाही; जेमतेम दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. ही कीड पुष्कळदा शेतातच शेंगेवर अंडी घालून आपल्याबरोबर घरी येते, म्हणून नव्या कडधान्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

तांदूळ, गहू आणि ज्वारीत सोंडे होतात. त्यांच्या तोंडाला पुढे आलेली सोंड नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे ठेवते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते, त्यामुळे मुगावर दिसते तसे अंडे येथे दिसतच नाही. सोंडा कित्येक महिने जगतो आणि प्रौढपणीही दाणे खातो. पिठात, रव्यात आणि फुटक्या दाण्यांत तांबडे, चपटे, चपळ भुंगेरे असतात. अखंड दाणा त्यांना सहसा फोडता येत नाही, पण ते वाढले की पिठाला विशिष्ट उग्र वास येतो. चौथी कीड म्हणजे पाखराची (पतंगाची) अळी. रवा, तांदूळ किंवा ज्वारीचे दाणे रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटून त्याच्या गुठळ्या झाल्या, तर डब्यात जाळी करणारी अळी आहे असे समजावे.

यांपैकी सुगंधी तेलाचा सर्वांत चांगला उपयोग कडधान्याच्या भुंग्यावर होतो. तो नाजूक आहे, अल्पायुषी आहे आणि त्याचे अंडे उघड्यावर असते. सोंडा त्याहून चिवट आहे. पिठातला तांबडा भुंगेरा या चौघांत सर्वांत दणकट, आणि पिठात तेलाचा वास मुरतो, म्हणून पिठासाठी तेलाचा विचारच करू नये. पीठ थोडे थोडे दळून आणावे, हेच बरे.

तेलाचे काम कसे चालते

येथे तेल हा शब्द फसवा आहे. एरंडेल, शेंगदाण्याचे तेल किंवा निंबोळीचे तेल ही स्थिर तेले आहेत. ती कागदावर पडली की डाग राहतो. सुगंधी तेल पानांतून, कळ्यांतून किंवा सालींतून बहुधा पाण्याच्या वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढतात आणि ते हवेत उडून जाते. निंबोळीच्या तेलातील ॲझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि वाढ रोखते, तेही उपयोगी आहे, पण ती निराळी गोष्ट आहे. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून हा फरक सांगावा लागतो.

सुगंधी तेलातील घटक किडीच्या शरीरात श्वसनाच्या छिद्रांतून आणि अंगावरच्या आवरणातून शिरतात आणि मज्जासंस्थेवर आघात करतात. यांतील काही घटक ऑक्टोपामिन या संदेशवाहक द्रव्याच्या यंत्रणेत बिघाड करतात, असे दिसून आले आहे. किडींच्या शरीरात ऑक्टोपामिनचे काम फार महत्त्वाचे असते आणि माणसाच्या शरीरात ते नगण्य असते, म्हणूनच किडीला घातक ठरणारी मात्रा आपल्याला तितकी घातक ठरत नाही. मात्र ‘तितकी नाही’ याचा अर्थ ‘अजिबात नाही’ असा घेऊ नये. त्याविषयी पुढे येईलच.

दुसरी गोष्ट मात्रेची. प्रयोगशाळेत रिकाम्या बाटलीत किडे सोडून जे निकाल मिळतात ते भरलेल्या डब्यात मिळत नाहीत, कारण दाणे ही वाफ शोषून घेतात. भरलेल्या डब्यात दाण्यांच्या फटींमध्ये साधारण 40 टक्के जागा हवेची असते, पण त्या हवेतली वाफ सतत दाण्यांच्या सालीत मुरत राहते. म्हणून रिकाम्या डब्यातली एक मिलिलिटर आणि भरलेल्या डब्यातली एक मिलिलिटर यांत मोठे अंतर पडते. मात्रा वाढवून हे अंतर भरून काढण्याचा मोह होतो, पण मग धान्यच खाण्यासारखे राहत नाही.

तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हळकुंड आणि धने यांच्यातही सुगंधी तेल असते, आणि तरीही हळदीला आणि धन्यांना भोके पाडणारे बारीक तपकिरी भुंगेरे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. वास येतो म्हणजे किडा मरतो, असे नाही. कोणता घटक, किती, किती वेळ आणि कोणत्या किडीवर, यावर सारे ठरते. तांदळात आठ-दहा लवंगा टाकण्याची रीत चांगलीच आहे, पण अखंड लवंग आपले तेल फार सावकाश सोडते. लवंगेच्या वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के तेल तिच्यात असले, तरी त्यातले फारच थोडे डब्यातल्या हवेत येते.

तेल निवडणे आणि पारखणे

नवशिक्याने दोन तेले घ्यावीत. अधिकाची गरज नाही. एक लवकर उडणारे आणि एक टिकणारे. लवकर उडणाऱ्यांत निलगिरीचे तेल सर्वांत सोयीचे आहे. त्यात मुख्यतः सिनिओल असते आणि ते कोठीच्या कानाकोपऱ्यात पटकन पसरते. पुदिन्याचे तेलही चालते. आपल्याकडे उत्तर प्रदेशात मेंथा या पुदिन्याच्या जातीची मोठी शेती होत असल्याने ते सहज मिळते. टिकणारे म्हणून लवंगेचे तेल घ्यावे. त्यात 70 ते 90 टक्के युजेनॉल असते, ते हळूहळू उडते आणि फटींत, कडांना लावायला चांगले ठरते. गवती चहाच्या तेलातले सिट्रलही प्रभावी आहे, पण त्याचा वास तांदळाला लगेच लागतो. संत्र्याच्या सालीचे तेल प्लॅस्टिक आणि थर्माकोल मऊ पाडते, म्हणून मी ते डब्यांसाठी वापरत नाही.

वेखंडाविषयी मुद्दाम लिहिते, कारण जुन्या घरांत त्याचे तुकडे धान्यात ठेवण्याची पद्धत आहे. वेखंडाचे तेल किडींवर जबर काम करते, पण त्यातील बीटा-ॲसारोन हे द्रव्य प्राण्यांवरील अभ्यासांत कर्करोगाशी जोडले गेले आहे. खाण्याच्या धान्याजवळ वेखंडाचे तेल आणू नये.

विकत घेताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग वापरला आहे आणि तेल शंभर टक्के शुद्ध असल्याचे लिहिलेले असावे. अगरबत्तीच्या किंवा मेणबत्तीच्या साहित्याबरोबर मिळणारे कृत्रिम सुवासाचे द्रव या कामाचे नाही. एका वर्षी मी स्वस्त मिळाले म्हणून लवंगतेलाची मोठी बाटली आणली, कोठीच्या झाकणाला लावली, आणि महिन्याने तेथे चिकट, खवट थर साचलेला मिळाला. तेलात स्थिर तेलाची भेसळ होती. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बाटलीतला एक थेंब टीपकागदावर टाकून ठेवते. निलगिरीचा थेंब काही तासांत डाग न ठेवता उडून जातो. लवंगेच्या थेंबाला एखाद-दोन दिवस लागतात आणि फिकट पिवळसर छटा राहू शकते, पण कागद उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक तेलकट वर्तुळ दिसता कामा नये.

तेल किडीवर चालते की नाही, हेही घरीच पाहता येते. सारख्या आकाराच्या, एक लिटरच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. पाखडताना सापडलेले दहा-दहा ताजे, धडधाकट भुंगे प्रत्येकीत सोडावेत. एका बरणीच्या झाकणाला आतून कापूस चिकटवून त्यावर तेलाचे दोन थेंब टाकावेत, दुसरीच्या झाकणाला नुसता कापूस लावावा, आणि दोन्ही घट्ट बंद करून सावलीत ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी तेलाच्या बरणीतले भुंगे उताणे पडलेले दिसतील, पण तेथेच निष्कर्ष काढू नये. ते मोकळ्या हवेत, कागदाने झाकलेल्या ताटलीत आणखी एक दिवस ठेवावेत. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा पुदिन्याच्या बरणीतल्या दहांपैकी तीन भुंग्यांनी संध्याकाळपर्यंत पाय हलवायला सुरुवात केली आणि सकाळी ते चालत होते. वाफेने गुंगी येणे आणि मरणे यांतला फरक त्या दिवशी मला कळला, आणि डबा किती वेळ बंद ठेवायचा याचा हिशेब त्यावरूनच बदलला.

धान्य तयार करणे

तेलाची बाटली उघडण्याआधीचे काम मोठे आहे आणि ते टाळून पुढचे काहीही उपयोगाचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत धान्य आले की ते निवडावे, पाखडावे, चाळावे. फुटके दाणे, कोंडा आणि भुसा वेगळा काढावा, कारण तांबड्या भुंगेऱ्याचे सारे पोषण त्यावरच होते. मग ऊन दाखवावे. गहू आणि ज्वारी यांतला ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आणि कडधान्यातला 10 टक्क्यांच्या आसपास असावा. घरी मोजमापाचे साधन नसते, तेव्हा दाणा दाताखाली धरून पाहावा: कडकन दोन तुकडे झाले तर तो वाळला, आणि दाबला जाऊन चपटा झाला तर आणखी ऊन हवे. वाळवलेले धान्य गरम असताना भरू नये. रात्रभर पसरून निवू द्यावे, नाहीतर डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटते.

दाण्यात आधीच शिरलेली अळी मारण्यासाठी दोन खात्रीचे उपाय आहेत आणि दोन्हींत तेल नाही. पहिला उपाय उन्हाचा. गच्चीवर काळे प्लॅस्टिक अंथरावे, त्यावर मूग किंवा चवळी बोटभरही जाड नसलेल्या थरात पसरावी, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडांना विटा ठेवाव्यात आणि भर उन्हात दोन-तीन तास तसेच राहू द्यावे. आतले तापमान 60 अंशांच्या वर जाते आणि अंडी, अळी, कोष सारे मरतात. तांदळाला मात्र हा उपाय करू नये, त्याचे दाणे तडकतात. दुसरा उपाय फ्रीजरचा. एक-दोन किलोच्या पिशव्या घट्ट बांधून उणे 18 अंशांत किमान चार दिवस, जाड पिशवी असेल तर आठवडाभर ठेवाव्यात, आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नयेत. रवा, पोहे, मैदा आणि सुकामेवा यांना हाच उपाय योग्य आहे.

रिकाम्या डब्याची पायरी

सगळ्या क्रमात तेल सर्वांत चोख काम करते ते येथे. मागच्या वर्षीच्या कोठीच्या तळाच्या सांध्यात, झाकणाच्या वळणात आणि डब्याच्या कडेच्या दुमडलेल्या पत्र्यात चिमूटभर पीठ आणि त्यात चार किडे राहिलेले असतात, आणि नवे धान्य त्यांच्यावरच ओतले जाते. कोठी उलटी करून ठोकावी, सांधे जुन्या दात घासण्याच्या ब्रशने कोरून काढावेत, साबणाने धुऊन दिवसभर उन्हात वाळवावी.

मग मात्रा काढावी. दर दहा लिटर जागेला निलगिरीचे एक मिलिलिटर तेल घ्यावे. ड्रॉपरच्या साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते, पण औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज वापरली तर मोजमाप अचूक राहते. वीस लिटरच्या डब्याला दोन मिलिलिटर पुरतात. तेल कापसाच्या बोळ्यावर घ्यावे, बोळा बशीत ठेवावा आणि बशी डब्यात ठेवून झाकण लावावे. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे उंच कोठीत बशी तळाशी न ठेवता दोरीने वरच्या भागात टांगली, तर ती खाली उतरत सगळीकडे पोहोचते. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावावी आणि तीन दिवस डबा हलवू नये. झाकण सैल असेल तर सारे तेल स्वयंपाकघरात जाते आणि डब्यातल्या किड्याला काहीही होत नाही. म्हणूनच मी नेहमी सांगते की तेलावर खर्च करण्याआधी झाकणाच्या रबरावर करावा. तीन दिवसांनी डबा बाहेर नेऊन उघडावा, बोळा काढून टाकावा, चार-सहा तास वाऱ्यावर ठेवावा आणि मगच भरावा.

फडताळासाठी वेगळा फवारा करावा. 200 मिलिलिटर पाण्यात दोन मिलिलिटर लवंगतेल आणि भांड्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालावेत, कारण साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही आणि वर तरंगत राहते. प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवून फळीच्या कडा, बिजागऱ्यांच्या मागची जागा आणि भिंतीच्या भेगा यांवर मारावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. पांढऱ्या रंगाच्या लाकडावर लवंगतेलाचे डाग पडू शकतात, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडे लावून पाहावे.

भरलेल्या डब्यात

येथे अपेक्षा कमी ठेवावी आणि हात आखडता घ्यावा. तेल दाण्यांवर थेट कधीही ओतू नये. मी ते एकदा केले आहे: पाच किलो गव्हावर निलगिरीचे थोडे तेल शिंपडले, आणि पुढचे दोन महिने घरात केलेल्या प्रत्येक पोळीला सर्दीच्या औषधाचा वास होता. तो गहू शेवटी गुरांपुढेही ठेवता आला नाही.

योग्य रीत अशी. टॅल्कम पावडरची रिकामी डबी किंवा झाकणाला सुईने भोके पाडलेली छोटी स्टीलची डबी घ्यावी. तिच्यात कापूस भरून त्यावर तेल सोडावे आणि ती डबी धान्याच्या मध्यभागी, वरच्या तिसऱ्या भागात खोचावी. पाच किलो कडधान्याच्या स्टीलच्या डब्याला वीस थेंबांपेक्षा अधिक तेल घेऊ नये. त्यात अर्धे लवंगेचे आणि अर्धे निलगिरीचे असावे, म्हणजे पहिल्या दिवसांत एक काम करते आणि नंतर दुसरे. कापूस दर तीन आठवड्यांनी बदलावा. हा काळ सहज ठरवलेला नाही: पावसाळ्यातल्या उबदार हवेत भुंग्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण तीन-चार आठवड्यांत पुरी होते, आणि दाण्यातून बाहेर येणारी नवी पिढी अंडी घालण्याआधीच ताज्या वाफेत सापडावी, हा हेतू आहे.

डबा वारंवार उघडला तर वाफ टिकत नाही. म्हणून मोठ्या डब्यातून पंधरा दिवसांचे धान्य एकदाच काढून लहान बरणीत घ्यावे, ते ताटात पसरून काही तास हवेवर ठेवावे आणि शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी धुवावे. साबूत कडधान्याला हे चांगले मानवते, कारण ते आपण भिजवतो आणि धुतो. तांदळात मी फक्त अखंड लवंगा आणि तेजपान ठेवते. आंबेमोहोरासारख्या सुवासिक तांदळात तेही नाही. चहा, साखर, पीठ, रवा, पोहे, शेंगदाणे आणि सुकामेवा यांच्याजवळ सुगंधी तेल आणू नये, कारण स्निग्ध आणि बारीक पदार्थ वास धरून ठेवतात.

दर महिन्याला एक दिवस ठरवून चाळण घ्यावी. डब्याच्या तळातून आणि वरून एकेक वाटी धान्य काढून पांढऱ्या कागदावर चाळावे. कागदावर पीठ पडले, किडा चालला किंवा मुगावर दोन-चार पांढरे ठिपके दिसले, तर तेल वाढवत बसू नये. सगळे धान्य बाहेर काढून ऊन किंवा फ्रीजर यांपैकी योग्य तो उपाय करावा आणि डब्याची पायरी पुन्हा पहिल्यापासून करावी.

बियाण्यासाठी

बियाण्याचे कडधान्य थोडे असते आणि ते खायचे नसते, त्यामुळे तेथे थोडी मोकळीक आहे. एक किलो चवळी किंवा मूग यांना पाच ते दहा मिलिलिटर एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळण्याची जुनी रीत फार चांगली आहे. सालीवर बसलेल्या तेलाच्या थराने अंड्याला हवा मिळत नाही. याच तेलात लवंगतेलाचे दोन-तीन थेंब आधी मिसळून घेतले, तर स्थिर तेल ती वाफ धरून ठेवते आणि परिणाम अधिक दिवस टिकतो. मात्र युजेनॉल आणि सिट्रल यांची जास्त मात्रा अंकुरालाही मारते. म्हणून तेल लावल्यावर आठवड्याने पन्नास दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत, न लावलेले पन्नास दाणे दुसऱ्या फडक्यात ठेवावेत, आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजून मगच उरलेल्या बियाण्याला हात लावावा.

सांभाळायच्या गोष्टी

निलगिरीचे तेल किंवा कापूर यांचे थोडेसे प्रमाणही लहान मुलाच्या पोटात गेले, तर झटके येऊ शकतात. बाटल्या कुलपात ठेवाव्यात, आणि मुलाने तेल प्यायल्याचा संशय आला तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता ताबडतोब रुग्णालयात न्यावे व बाटली सोबत घ्यावी. घरात अपस्माराचा किंवा दम्याचा रुग्ण असेल, तान्हे बाळ असेल, तर कोठी वाफवण्याचे काम घराबाहेरच्या पडवीत करावे किंवा करूच नये. मांजरांच्या यकृताला युजेनॉलसारखी द्रव्ये पचवता येत नाहीत, म्हणून मांजर असलेल्या घरात लवंगतेलाचा फवारा मारू नये. तेल हाताळताना हातमोजे घालावेत, आणि ही तेले पेट घेतात, म्हणून गॅस पेटलेला असताना बाटली उघडू नये. प्लॅस्टिकच्या डब्यांत तेल वापरू नये. काच आणि स्टील हेच योग्य.

तेलाचा परिणाम मंद वाटल्याने काही जण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कपड्यात बांधून घरच्या कोठीत ठेवतात. त्या गोळीतून ओलाव्याच्या संपर्काने फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो, आणि झोपण्याच्या खोलीशेजारी ठेवलेल्या धान्यामुळे माणसे मेलेली आहेत. त्या गोळ्या प्रशिक्षित कीडनियंत्रकांनी गोदामात वापरण्यासाठी आहेत; घरात त्यांना जागा नाही. तांदळाला बोरिक पावडर चोळणे आणि डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवणे या रीतीही सोडून द्याव्यात. दोन्ही द्रव्ये शरीराला घातक आहेत आणि पावडर धुऊन पूर्ण निघते याची खात्री देता येत नाही.

बचत गटातील काही भगिनी असा फवारा किंवा डबीतला कापूस तयार करून विकण्याविषयी विचारतात. स्वतःच्या घरी वापरणे वेगळे आणि कीटकनाशक म्हणून विकणे वेगळे. विक्रीसाठी 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि ती नसताना वेष्टनावर कीड मारण्याचा दावा करता येत नाही.

तेलाची बाटली गडद काचेची असावी, बूच घट्ट असावे आणि ती उन्हापासून व शेगडीपासून दूर ठेवावी. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. हवा लागलेले तेल हळूहळू बिघडते, त्याचा वास बदलतो, आणि असे तेल त्वचेला अधिक झोंबते. वर्ष उलटलेले तेल धान्याच्या डब्यासाठी वापरू नये, हातमोजे घालून फडताळाच्या मागच्या भेगांना लावून संपवावे.